खाल्ल्या मिठाला

तेयोने त्या मार्चमध्ये नऊ रात्री
झोपेला दाराबाहेर उभं ठेवलं.
तोकोनाओच्या चौकात आहे तसाच पांढरा मनोरा
त्याला आमच्या अंगणात हवा होता,
ईस्टरच्या आत.
खाणीतून सव्वीस ट्रॉल्या दगड आला, उधारीवर.
आणि घंटा? सहा. सांतियागोहून.
आगाऊ रक्कम माझ्या कार्डावरून.

छिन्नी अशी चालायची
की दगडाने आधीच होकार दिला असावा.
पहाटे तीनला मला हलवायचा:
नोल्फा, ज्वालामुखी बोलतोय, लिहून घे.
मी लिहून घेतलं.
ती वही अजून आहे. खोटं कशाला बोलू,
त्यातली दोन पानं सुंदर आहेत.

आई म्हणायची, पोरगा किती आनंदात आहे बघ.
आनंदच होता, मी नाही म्हणत नाही.
पण त्या आनंदाला खाली बसता येत नव्हतं.
उभ्याउभ्या जेवायचा, तेही अर्धंच,
आणि अडवलं की डोळे असे फिरायचे
की कुत्रं उठून रस्त्यावर जाऊन झोपायचं.

मे महिन्यात छिन्नी पायरीवर राहिली ती राहिलीच.
तेयो भिंतीकडे तोंड करून.
मावशीने हेरेच्या मळ्यातून आणलेल्या नासपत्या
उशाशी सुरकुतत गेल्या,
मी रोज एक उचलून टाकायचे.
एकदा म्हणाला, सहा घंटा कुणी मागवल्या?
तूच.
तो कोण होता?

गावाकडे नावं पुष्कळ होती:
वारं लागलं, नजर लागली, दारू, आळस.
कालामाच्या ओयार्सून डॉक्टरीणबाईंनी एकच दिलं
आणि कागदावर एक रेघ ओढली,
वर, खाली, पुन्हा वर.
मी विचारलं, यातला माझा भाऊ कुठला?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
सगळी रेघ, म्हणाल्या.

मग गोळीचं नाव सांगितलं, आणि मला हसू आलं,
आणि ते थांबेना.
अकरा वर्षं मी मिठागराच्या कंपनीत नमुने काढते.
जमिनीखालचं खारं पाणी उन्हात पसरतात,
निळं, मग हिरवं, मग पिवळं,
दीडेक वर्षात तेलासारखं दाट.
तेच हे. लिथियम.
जगाच्या गाड्या चालतात म्हणे त्यावर,
आणि त्यातलं चिमूटभर
रोज रात्री नऊला माझ्या भावाच्या जिभेवर.
आमच्याच तलावातलं की कुठलं, कोण जाणे.
गावसभेत पाण्यासाठी
मी कंपनीच्या विरोधात हात वर करते.
त्याच हाताने घरी येऊन त्याचा पेला भरते.

मीठ खातोय, आणि म्हणतो, सगळं अळणी लागतं.
हात कापतो. छिन्नी घसरते.
नक्षीचं काम आता माझा मुलगा करतो;
तेयो कुंपणाचे ठोकळे फोडतो, चौकोनी, सरळ.
तहान सरत नाही. उलट्या झाल्या की धावत दवाखाना.
दर तीन महिन्यांनी रक्त.
शून्य पूर्णांक सात, मी फ्रिजवर खडूने लिहिते,
जशा इतर बायका अंड्यांचा हिशेब लिहितात.

दोनदा त्याने गोळ्या अंजिराखाली पुरल्या.
पहिल्यांदा मी ओरडले.
दुसऱ्यांदा नाही ओरडता आलं.
ती दोन पानं मलाही पाठ आहेत.

घंटा शेवटी एकच आली. अंगणात उलटी पडलेली,
तिच्यात कोंबडी अंडी घालते.

काल रात्री दोनला त्याच्या खोलीत दिवा दिसला.
माझे पाय गार पडले.
काय करतोयस?
झोप मोजतोय, म्हणाला. कालची पाच तास, परवाची चार.
तू पण मोज. माझ्या मोजण्यावर जाऊ नकोस.
मी खुर्ची ओढली.
उद्या डॉक्टरांना फोन करू?
कर.
चारला त्याने दिवा मालवला
आणि थोड्या वेळाने घोरायला लागला.
मी बसून होते,
जागी.